धाकट्याचा वास

घरात पिणारा एक होता आणि हुंगला जायचा दुसराच. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती या घरात रोज संध्याकाळी दाराशीच दिली जायची, आणि चोर आतल्या खोलीत पाय पसरून टीव्ही बघत असायचा.

चोर म्हणजे थोरला. शहरात बस चालवायचा. संन्यासी म्हणजे त्याचा धाकटा भाऊ, त्याच डेपोत मेकॅनिक, लग्नाचा अजून पत्ता नाही. दोघांची आई दाराजवळच्या स्टुलावर बसलेली असायची. धाकटा कामावरून आला की चपला काढायच्या आधी तिच्यासमोर वाकायचा आणि तोंड उघडून "हाऽ" करायचा. आई नाक पुढे करून हुंगायची आणि म्हणायची, "जा." एवढंच. एकेकाळी हीच बाई "आलास का रे राजा, दमलास ना" म्हणत त्याच्या हातातला डबा काढून घ्यायची.

तिचं तरी काय चुकलं म्हणा. तिचा नवरा दारूनेच गेला होता. जाण्याआधी वीस वर्षं त्याने तिला एकच गोष्ट नीट शिकवली होती, की माणूस बाटली कुठे कुठे लपवू शकतो. संडासाच्या टाकीत, पिठाच्या डब्यात, पोराच्या दप्तरातसुद्धा. तो गेल्यावर तिने दोन्ही मुलांना एकच शपथ घातली. थोरल्याने ती मोडली. धाकट्याने पाळली, आणि मोडली म्हणून सांगितलं.

ते कसं झालं ते आधी ऐका. डेपोत सकाळी गाडी ताब्यात घेण्याआधी ड्रायव्हरला एका यंत्रात फुंकावं लागायचं. थोरला बेधडक फुंकायचा, कारण त्याचा पहिला घोट असायचा तो फुंकून झाल्यावर. यंत्र सकाळी एकदाच विचारतं, नंतर दिवसभर कोणी विचारत नाही, हे त्याला फार लवकर कळलं होतं. दोघा भावांचा लॉकर एकच. त्यात धाकट्याच्या ग्रीसच्या चिंध्यांमागे बाटली असायची. मग एके दिवशी वर्कशॉपमधले कोणाचे तरी पाने चोरीला गेले. साहेबांनी सगळे लॉकर उघडायला लावले. पाने राहिले बाजूला, ही सापडली.

"कुणाची ही?" साहेबांनी विचारलं.

ड्रायव्हरकडे बाटली म्हणजे त्याच दिवशी घरी, वर लायसन्सही जप्त. मेकॅनिककडे बाटली म्हणजे सक्त ताकीद, आणि सहा महिने दर आठवड्याला दारू सोडणाऱ्यांच्या गटात हजेरी. ही तुलना थोरल्याच्या डोक्यात सुरू व्हायच्या आत धाकट्याच्या डोक्यात संपलीसुद्धा होती.

"माझी, साहेब," धाकटा म्हणाला.

आणि थोरला काय बोलला? काही नाही. मान खाली घालून स्वतःच्या बुटांकडे बघत उभा राहिला. "मी बोलणारच होतो, पण..." हे त्याने पुढे स्वतःला शंभरदा ऐकवलं. त्या 'पण'च्या पुढे मात्र त्याला कधी जाता आलं नाही.

डेपोतली बातमी, ती काय झाकून राहते? संध्याकाळच्या आत आईच्या कानावर गेली. आई रडली नाही, ओरडली नाही. तिने स्टूल उचललं आणि दाराशी आणून ठेवलं. तेव्हापासून हे हुंगणं सुरू झालं.

बरं, गंमत अशी की धाकट्याला वास कधी यायचाच नाही. येणार कुठून? ग्रीसचा यायचा, डिझेलचा यायचा, घामाचा यायचा. पण आईचं गणित उलटं. ती सुनेला म्हणायची, "वास येत नाही म्हणजे पक्का झालाय. याचा बापही शेवटी शेवटी असाच निर्मळ यायचा." धाकटा जितका स्वच्छ यायचा, तितकी तिची खात्री वाढायची. थोरल्याला तिने एकदाही हुंगलं नाही. तो तिचा गुणी मुलगा. तो तोंडात पेपरमिंटची गोळी चघळत तिच्या अंगावरून आत जायचा आणि ती म्हणायची, "बघ, तुझ्या दादाकडे बघ जरा."

थोरल्याच्या बायकोला सगळं माहीत होतं. एका उशीवर झोपणाऱ्या माणसाला पेपरमिंट फसवत नाही. तिने पुष्कळ दिवस काही म्हटलं नाही, नोकरीची भीती तिलाही होतीच. फक्त एकदा जेवणं झाल्यावर भांडी घासता घासता म्हणाली, "भावजींना वाढताना माझी मान वर होत नाही. तुमची कशी होते हो?" त्या रात्री थोरल्याने जरा जास्तच घेतली. खाई त्याला खवखवे म्हणतात. आणि खवखवलं की तो पुन्हा खायचाच.

"उद्यापासून बंद" हे त्याचं पालुपद होतं. आणि ते खोटं नव्हतं बरं का, दर वेळी मनापासून असायचं. उद्याच बेइमान निघायचा.

मग एक दिवस त्याची लेक चिमी, वय असेल पाच, आजीच्या आधी दाराशी जाऊन उभी राहिली. काका आला. चिमी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काका, वाक! हा कर!" काका मुकाट वाकला. चिमीने नाक त्याच्या तोंडाला लावून जोरात हुंगलं आणि आत ओरडून सांगितलं, "आजी, आज नाही प्यायला गं!"

सगळे हसले. आजी हसली, शेजारची बाई हसली, धाकटाही हसला आणि पोरीला खांद्यावर घेऊन आत आला. थोरलाही हसला. हसता हसताच तो उठला आणि न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसला. त्याच्या पोरीच्या डोक्यात काका म्हणजे दारुड्या हे आता पक्कं बसलं होतं. उद्या शाळेत सांगेल. मोठी झाल्यावर स्वतःच्या मुलांना सांगेल. धाकटा म्हातारा होऊन मरेल, तरी या घरात दारुड्याच राहील. आणि हे सगळं थांबवायला एकच वाक्य लागत होतं. तेच थोरल्याच्या तोंडून सुटत नव्हतं.

दारू सुटली तर ते वाक्यही सुटेल, असं त्याला वाटलं. आता तुम्ही म्हणाल, उलटंही असू शकतं. असू शकतं. पण बुडत्याला काडीचा आधार. त्याने डेपोच्या संडासात बसून मोबाइलवर शोधलं, दारू सोडायची आहे, जवळचा गट. पाचसहा पत्ते आले. पहिला डेपोच्या मागेच होता. छे! धाकटा तिथेच जायचा असणार, म्हणजे डेपोतल्यांच्या ओळखीची जागा. दुसरा आणि तिसरा त्याच्याच बसच्या रस्त्यावर. तिथे कोणी म्हणायचं, "अरेच्चा, हे तर आपले ड्रायव्हर!" शेवटी त्याने सगळ्यात लांबचा निवडला, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, एका लॉन्ड्रीच्या वर. दिवस बुधवार किंवा शुक्रवार. धाकट्याची सक्तीची हजेरी असायची बुधवारी, आणि तीही केव्हाच संपली होती. शुक्रवारी तो ओव्हरटाइम करायचा. म्हणजे शुक्रवार बिनधोक.

निघण्याआधी त्याने दोन घोट घेतले. दारू सोडायला जायची भीती वाटत होती, आणि भीतीवर त्याच्याकडे औषध एकच होतं.

लॉन्ड्री अजून चालू होती. खाली इस्त्रीची वाफ निघत होती आणि ओल्या सुताचा गरम वास थेट वरपर्यंत येत होता. जिना लाकडी, अरुंद, करकरणारा. वर दार अर्धवट उघडं होतं. आत घडीच्या खुर्च्यांवर आठदहा माणसं पाठमोरी बसलेली, कोपऱ्यात चहाची किटली, आणि कोणीतरी उभं राहून बोलत होतं. थोरला एका पायरीवर थबकला. तो आवाज त्याने झोपेतही ओळखला असता. लहानपणी एका पांघरुणात झोपलेला आवाज तो.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! कोणाच्या नजरेला पडू नये म्हणून सगळ्यात लांबचं ठिकाण शोधणारा तो एकटाच नव्हता. दोघं एकाच आईच्या हाताखाली वाढलेले, दोघांच्या डोक्यात एकच शहाणपण आलं होतं.

थोरला उलट्या पावली खाली उतरणार होता. पण धाकटा काय बोलतोय ते त्याच्या कानावर पडलं आणि पाय तिथेच राहिले.

"मी बस चालवतो," धाकटा सांगत होता. "सकाळी यंत्रात फुंकतो, मग पितो. एका दुपारी एका स्टॉपवर एक म्हातारी चढत होती. मी आरशात बघितलं, मला वाटलं ती परत खाली उतरली. ती उतरली नव्हती. मी दार लावलं आणि गाडी सोडली. तिची बाही दारात अडकली. बसबरोबर ती पळाली, काही पावलं पळाली. बाही फाटली म्हणून सुटली. मागून लोक ओरडले. मी ऐकलं. थांबलो नाही."

ही गोष्ट थोरल्याने बायकोलाही सांगितली नव्हती. तक्रार आली नाही, कोणी विचारलं नाही, म्हणून त्याने ती घडलीच नाही असं ठरवून टाकलं होतं.

"दुसऱ्या दिवशी ती डेपोत आली," धाकटा पुढे म्हणाला. "फाटकं पोलकं हातात घेऊन, बसचा नंबर सांगून ड्रायव्हरची चौकशी करत. मी वर्कशॉपच्या दाराशी होतो. मला वाटलं, आता तक्रार करणार. ती म्हणाली, 'अहो, तो ड्रायव्हर बरा आहे ना? एवढी माणसं ओरडत होती तरी थांबला नाही, म्हणजे बिचाऱ्याला काही झटकाबिटका आला असेल. मला रात्रभर झोप नाही.' मी सांगितलं, बरा आहे, आजी. ती म्हणाली, 'देव पावला,' आणि गेली. तोच ड्रायव्हर मी, हे तिला कळलं नाही."

थोरला पायरीवरच बसला. शिव्या दिल्या असत्या त्या बाईने तर चाललं असतं. पोलीस आणले असते तरी चाललं असतं. तिने त्याची काळजी केली होती, आणि तो त्या वेळी कुठेतरी पुढच्या फेरीआधीचा घोट घेत होता. त्याला त्या जिन्यावर रडू फुटलं, तोंडावर हात दाबला तरी आवाज गेलाच.

"कोण आहे तिकडे?" एका बाईने दार उघडलं. पांढरे केस, खणखणीत आवाज. पूर्वी नर्स होती म्हणून सगळे तिला सिस्टर म्हणत. तिने थोरल्याकडे एकदा बघितलं, एक श्वास घेतला, आणि तिला काही विचारावं लागलं नाही. "या आत. इथे नाव सांगायचं नाही, गाव सांगायचं नाही. किटलीजवळची खुर्ची नव्या माणसाची, आणि शेवटी जो बोलला तो नव्या माणसाला चहा देतो. आमचे नियम एवढेच."

शेवटी बोललेला धाकटा किटलीजवळ उभा होता. त्याने भावाला बघितलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तरी नियमाप्रमाणे त्याने कप भरला.

थोरला खुर्चीवर बसला, आणि बसल्या बसल्या, कप हातात घ्यायच्या आधीच, महिनोन्महिने अडकलेलं ते वाक्य बाहेर आलं. "आत्ता यांनी सांगितलं ना, ते माझं आहे."

सगळे हसले. वाईट नाही, अगदी मायेने हसले. कोपरापर्यंत पीठ लागलेला एक बेकरीवाला म्हणाला, "अहो भाऊ, पहिल्या दिवशी मीही हेच म्हणालो होतो. याचंच ऐकून!"

"तसं नाही हो. खरंच माझं आहे. ती बस माझी. मीच तो."

"अगदी बरोबर," सिस्टर समजुतीने म्हणाल्या. "इथे सगळ्यांना तसंच वाटतं. चहा घ्या."

थोरल्याने धाकट्याकडे बघितलं. धाकट्याने हळूच मान हलवली, नको म्हणून. आता काय करावं माणसाने? आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला, आणि लोकांनी त्याच्या पाठीवर थाप मारून बिस्किट पुढे केलं. आणि तिथेच, कपातला चहा निवत असताना, त्याला लख्ख कळलं की आपण चुकीच्या खोलीत कबुली देतोय. या माणसांचं त्याने काही बिघडवलं नव्हतं.

बैठक संपल्यावर दोघं खाली आले. लॉन्ड्रीवाला शटर ओढत होता. दोघं बस स्टॉपकडे चालू लागले.

"तुझी सहा महिन्यांची हजेरी संपली ना, बारक्या?" थोरला म्हणाला. "मग इथे कशाला येतोस?"

"पहिले काही दिवस गप्प बसायचो मी," धाकटा म्हणाला. "त्यांना वाटायचं, हा लपवतोय. मग बोलायचं ठरवलं. पण बोलणार कोणाचं? मला जवळून माहीत असलेला बेवडा एकच. बाहीचं त्या आजीनेच सांगितलं होतं, बाकीचं मी जुळवलं."

थोरला हसला, आणि लगेच त्याला स्वतःच्या हसण्याची लाज वाटली.

"आधी तुझा राग यायचा, दादा. खूप यायचा. पण दर वेळी 'मी प्यायलो, मी थांबलो नाही' असं बोलायचं म्हटलं, की तुझ्या जागी उभं राहावं लागतं ना. मग राग टिकेना. सक्ती संपली तरी येत राहिलो, बुधवारऐवजी शुक्रवारी, घरी ओव्हरटाइम सांगून. तुला इथवर कसं आणायचं, ते या लोकांना विचारत होतो. म्हणजे, मला कोणी आणायला हवं होतं, असं सांगून विचारत होतो."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, आणता येत नाही. ज्याचा तो येतो."

थोरल्याने बाही तोंडावर फिरवली. "आणि आईचं? रोज वाकतोस तिच्यासमोर. काय वाटतं रे तुला?"

धाकटा नेहमी असं काही हसण्यावारी न्यायचा, या वेळी नेलं नाही. "डबा हातातून घ्यायची ना पूर्वी," तो म्हणाला. "ते आठवतं."

बसमधून उतरले, घर जवळ आलं. धाकट्याने खिशातून पेपरमिंटची गोळी काढली आणि भावापुढे धरली. भाऊ आपली विसरला तर असू दे म्हणून तो ती नेहमीच जवळ बाळगायचा, हे थोरल्याला आत्ता कळलं. त्याने ती घेतली आणि गटारात टाकली.

आई स्टुलावर होती. धाकटा वाकला, "हाऽ" केलं. आईने हुंगलं. "जा."

मग थोरला तिच्यासमोर वाकला.

"तू कशाला रे?" आई हसली. "तुझं काय हुंगायचं?"

"घे, आई."

"चेष्टा पुरे. ताटं घेतलीत."

"चेष्टा नाही. घे म्हणतो ना!"

त्याने तोंड उघडलं. आईने हसत हसतच नाक पुढे केलं, आणि तिचं हसू जिथल्या तिथे राहिलं. तिला दुसऱ्यांदा हुंगायची गरज नव्हती. हा वास तिच्या उशाशी वीस वर्षं झोपला होता.

"बाटली माझी होती," थोरला म्हणाला. "पहिल्यापासून माझीच. याने कधी थेंब घेतला नाही. मी बोललो नाही, आई. मी तिथेच उभा होतो आणि बोललो नाही."

बायको स्वयंपाकघराच्या दारात हातात पळी घेऊन उभी होती. तिने डोळ्याला पदर लावला. आई थोरल्याकडे बघतच नव्हती. ती धाकट्याकडे बघत होती, त्याची अजून एका पायातली चप्पल काढायची राहिली होती.

"तुला वास येत नव्हता," ती म्हणाली. "एकदाही आला नाही. नाक खरं सांगत होतं रे माझं, मीच ऐकलं नाही." मग तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली, चांगली सणसणीत. "मेल्या, तोंड नव्हतं का तुला? सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं, तर तू दादाला असं वाकवलं असतंस."

आईने हात पुढे केला आणि त्याच्या खांद्यावरची डब्याची पिशवी काढून घेतली. पिशवी छातीशी धरून ती तशीच बसली. मग ती थोरल्याला म्हणाली, "उद्या साहेबांना सांगायचं."

"सांगतो. नोकरी जाईल."

"जाऊ दे. मी येते बरोबर. पहिल्या दिवशी शाळेत सोडायला आले होते, तशी येते. मध्येच पळालास तर?"

एवढ्यात आवाज ऐकून चिमी आतून धावत आली. आजीच्या स्टुलापुढे बाबा वाकलेला तिने पहिल्यांदाच बघितला. तिला वाटलं, खेळ सुरू झालाय आणि आपल्याला बोलावलं नाही. तिने कमरेवर हात ठेवले. "बाबा, हा कर!"

"चिमे, आत जा," आजी दटावून म्हणाली.

"राहू दे," थोरला म्हणाला. तो खाली बसला, लेकीच्या नाकाइतका खाली, आणि त्याने श्वास सोडला.

चिमीने डोळे मिटून नीट हुंगलं. नाक मुरडलं नाही, तोंड फिरवलं नाही. डोळे उघडून तिने आजीकडे बघितलं, आजीचा चेहरा बघून जराशी गोंधळली, आणि तिची समजूत घालावी तशी म्हणाली, "अगं आजी, हा दारूचा वास नाहीये. हा बाबाचा वास आहे. बाबाला नेहमी असाच येतो."